मेतकुटाचा टपालखर्च

पृथ्वी गोल आहे हे बाकीच्या जगाने ऐकीव माहितीवर मान्य करून टाकलं. बेंगळुरूच्या आमच्या घरमालकांनी तो विषय अजून प्रलंबित ठेवला आहे, कारण पृथ्वी त्यांना कोणी मोजायला दिलेली नाही. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी नोकरीभर एकच काम केलं: बाहेरून आलेला माल तपासायचा आणि केसाएवढा फरक दिसला तरी परत पाठवायचा. निवृत्तीनंतर माल यायचा थांबला, तपासणी थांबली नाही. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्निअर कॅलिपर असे. कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्यांनी बशीतल्या दोन इडल्यांची जाडी मोजून बारीक निघालेली परत केली होती, आणि बदली आलेली जाड निघाली म्हणून तीही. घराणं मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथे मुरलेलं, बोलण्यात कानडी सहज मिसळलेली. पण माणसाला, भाजीला किंवा सरकारला नाकारायचं असलं की अण्णा फक्त ‘रिजेक्ट’ म्हणत आणि विषय संपे.

मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. पुण्याहून आलेलो आणि महादेवपुऱ्यात संगणकासमोर बसून पगार घेणारा, त्यामुळे घरातला टीव्ही, मिक्सर आणि अक्कांचं ऑनलाइन दुकान या तिन्ही गोष्टी ओघाने माझ्याकडे आल्या. अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्यांचं मेतकूट आणि काळा मसाला नातेवाईक वर्षानुवर्षं डबे भरून नेत, “अक्का, तू हे विकायलाच ठेव” म्हणत, आणि पुढच्या खेपेला पुन्हा रिकामा डबा घेऊन येत. “फुकट खाणारा वाईट कशाला म्हणेल?” अक्का मला म्हणाल्या. “ज्याची माझी ओळखदेख नाही, त्याने मागवू दे. मग मी मानेन, मला येतं म्हणून.” एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांना दुकान हवं होतं. एका रविवारी मी ते उभं केलं. फोटो लागले, किमती लागल्या, आणि टपालखर्चाचं एक पान तेवढं उरलं. ते भरल्याशिवाय दुकान उघडत नव्हतं. “ते टेक्निकल काम,” अण्णा म्हणाले. “ते माझ्याकडे द्या.” अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू किल्ली मीच विहिरीत टाकली होती.

दुसऱ्या दिवशी धोरणाची पहिली बैठक झाली. उपस्थित: अण्णा, मी आणि वजनकाटा. वजनाचे टप्पे आणि अंतराचे टप्पे, यांवरून दर ठरतो, असं मी सांगितलं. “अंतर कुठून कुठे?” अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, इथून गिऱ्हाइकापर्यंत. “इथून म्हणजे? फाटकापासून की स्वयंपाकघरापासून?” त्यानंतर खोक्याचं वजन झालं, चिकटपट्टीचं झालं, आणि पावसाळी हवेत पुठ्ठा जड होतो म्हणून तेच खोकं उन्हात ठेवून पुन्हा झालं. पण खरा घात केला तो वजनाच्या टप्प्याने. मेतकुटाचं पाकीट पाचशे ग्रॅमच्या दरात जातं, आणि भरतं त्याहून पुष्कळ कमी. अण्णा अस्वस्थ झाले. “म्हणजे उरलेल्या जागेत आपण हवा पाठवायची? पैसे देऊन?” त्यांनी त्या जागेत शेंगदाण्याची चटणी घातली. काटा पाचशेच्या स्वल्प पुढे गेला. आता पुढचा दर लागणारच होता, म्हणून तोही टप्पा भरला पाहिजे. तो भरताना सांडगी मिरची जास्त झाली. अक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. “मागितलं मेतकूट,” त्या म्हणाल्या, “आणि चाललं रुखवत.”

कागदावरच्या दरावर विश्वास ठेवणं अण्णांच्या धर्मात बसत नव्हतं, म्हणून प्रत्येक अंतराच्या टप्प्यावर एकेक नातेवाईक शोधून चाचणी पार्सलं रवाना झाली. पहिलं जवळच्याच आनेकलला, अक्कांच्या भावाकडे. ते धड पोचतं की नाही हे पाहायला अण्णा स्वतः बसने आनेकलला गेले आणि पार्सल येईपर्यंत मुक्काम ठोकून राहिले. मेहुणे म्हणाले, “अण्णा, येणारच होतात तर हातातून आणायचं की.”

“मग टपालखर्च कसा कळला असता?”

मग हुबळी झाली, सोलापूर झालं, नागपूर झालं. नातेवाइकांचे फोन येऊ लागले, की अक्का, बास आता, घरात ठेवायला जागा नाही. इकडे अक्कांच्या बरण्यांचा तळ दिसायला लागला. “माझ्या गिऱ्हाइकाचं यांनी नातेवाइकांना खाऊ घालून संपवलं,” त्या मला म्हणाल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या.

त्यांनी पुन्हा डाळी भाजल्या, आणि त्याच दुपारी मला खाली बोलावलं. “त्या पानावर सगळ्या देशाला एकच दर टाक.”

“हा अन्याय आहे,” अण्णा खुर्चीतून म्हणाले. “आनेकलचा माणूस नागपूरवाल्याचा भार उचलणार.”

“उचलू दे. तुमच्या घरच्यांचा मी उचललाच की.”

मी आकडा टाकला. आता एक बटण दाबायचं राहिलं होतं. अण्णांनी खिशातला कॅलिपर काढला, उघडला, मिटला. मग माझ्याकडे बघून, पण माझ्याशी नव्हे, म्हणाले, “मी इतकी वर्षं लोकांचा माल परत पाठवला. त्यात चांगलाही होता, स्वल्प इकडेतिकडे. हिचं कोणी परत पाठवलं तर?”

अक्कांनी भाजणीचा हात पदराला पुसला. “पाठवू दे,” त्या म्हणाल्या. “आपण खाऊ.”

“सरी, ठीक,” अण्णा म्हणाले, आणि बटण अक्कांनी दाबलं.

पहिली मागणी यायला बराच काळ गेला. आली ती आसाममधल्या एका गावाहून, एका मराठी आडनावाच्या बाईंची; अण्णांनी दोन्हीकडच्या गोतावळ्यात चौकशी केली, कोणाच्याच त्या कोणी नव्हत्या. पार्सलात मागितलं तेवढंच अक्कांनी भरू दिलं. ते गेल्यावर अण्णा रोज सकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसू लागले. पोस्टमन लांबूनच हात हलवी, “एनू इल्ला, सार,” काही नाही म्हणे, आणि पुढे जाई. मग अण्णा आत जाऊन अक्कांना सांगत, की आजही काही परत आलं नाही. लोकांकडे पेढे वाटताना असा आवाज लागतो. पुढे त्याच बाईंनी पुन्हा मेतकूट मागवलं.  त्या संध्याकाळी अक्कांनी वर येऊन मला बाईंचं नाव तेवढं पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं.

आता मी ऑफिसजवळ राहायला गेलो आहे. मध्यंतरी सकाळीच त्यांच्याकडे गेलो, तर अण्णा फाटकाशी बसलेले. दुकान छान चाललंय, आता कशाला बसता, असं मी विचारलं. त्यांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “गिऱ्हाइकं वाढलीत ना. परत पाठवणारेही तेवढेच वाढले असतील.” पोस्टमन आला, हात हलवून निघून गेला. अण्णा गुडघ्यांवर हात टेकून उठले, लुंगी सारखी केली, आणि काही आलं नाही हे सांगायला आत गेले.