दवच आहे, चाला

हे अभयला माहीत नाही. अभय म्हणजे माझा नवरा, आणि ज्यांच्याबद्दल सांगणार आहे ते त्याचे वडील. म्हणून त्याला तर नाहीच सांगितलं. आईलाही नाही, आणि आईपासून मी आजवर फारसं काही लपवलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतेय. ओळखीचं माणूस लगेच बाजू घेतं. तुम्ही घेऊ नका.

आधी एक सांगून टाकते. नाना मला आवडत नव्हते. सासरा गेल्यावर सुना म्हणतात ना, वरून कडक होते पण आतून प्रेमळ होते, तसलं मला जमणार नाही. मला त्यांचा राग यायचा. आजही येतो. माणूस गेलं की राग संपतो म्हणतात. कोण म्हणतं? माझा नाही संपला बाप्पा.

आम्ही तेव्हा अमेरिकेत ट्रॉयला होतो, दोन हजार चार साली. अभय गाड्यांच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची नाही. अकोल्याकडची मी, शेतकीची पदवी घेतलेली, आणि दिवसभर करायचं काय? तर डिशवॉशर भरायचा आणि रिकामा करायचा. वेड लागायची पाळी आली होती. मग जवळच्या पार्कात एक क्लब सापडला. म्हातारे गोरे लोक पांढरे कपडे घालून गवतावर चेंडू घरंगळवत असतात. लॉन बोलिंग म्हणतात त्याला. चेंडू एका अंगाला जड असतो, त्यामुळे जाता जाता वळतो, आणि समोरच्या छोट्या पांढऱ्या गोटीच्या जितका जवळ थांबेल तितकं चांगलं. खेळ एवढाच. पण त्याला गवत लागतं सतरंजीसारखं सपाट आणि बारीक. ते बघणारा माणूस फ्लोरिडाला निघून गेला होता आणि हिरवळीची पार दशा झाली होती. मी म्हटलं, मी बघते. फुकट करणार होते, त्यामुळे व्हिसाचाही प्रश्न नव्हता.

काय सांगू तुम्हाला, त्या मैदानानं मला माणसात आणलं. गवत कापायचं, बारीक वाळू पसरायची, रोलर फिरवायचा. आणि रोज सकाळी दव झाडायचं. लांब लवचीक काठी गवतावरून सपासप फिरवायची, म्हणजे पाणी खाली उतरतं. दव तसंच बसलं तर बुरशी येते आणि गवतावर नाण्याएवढे पिवळे डाग पडतात. दुसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे एक डाग नव्हता. क्लबचा अध्यक्ष वॉल्टर, ऐंशीच्या घरातला, गुडघ्यावर बसून गवतावर तळहात फिरवायचा आणि माझ्याकडे बघून मान हलवायचा. बस, तेवढं मला पुरायचं.

त्याच उन्हाळ्यात नाना आले. सहा महिन्यांसाठी.

सासूबाई जाऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. नाना पुण्यात एकटे राहायचे. स्वतः स्वयंपाक करायचे, स्कूटर चालवायचे, कुणावर अवलंबून नव्हते. आणि स्मरणशक्ती! सगळ्या नातेवाइकांचे फोन नंबर तोंडपाठ, कुणाच्या मुंजीत कोण रुसलं होतं तेही पाठ. त्याचा त्यांना भारी अभिमान. समोरचा काही बोलला की म्हणायचे, "गणपतीत तू वेगळंच म्हणाला होतास." आणि तो खरंच तसं म्हणालेला असायचा. माझ्या तोंडून वऱ्हाडी शब्द निघाला की पाहुण्यांसमोर थांबवायचे. "करून राहिली नाही गं, करते आहे म्हणावं." पाहुणे हसायचे. अभयही हसायचा. मी पोळ्या लाटत राहायची, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

घरात कंटाळतात म्हणून अभय म्हणाला, नानांना क्लबवर नेत जा. नेलं. तीच चूक झाली म्हणू? नको, त्यावर कशाला ढकलू.

नानांना तिथे सगळं आवडलं. सर्वात जास्त काय, तर दव. दवात अनवाणी चाललं की डोळे सुधारतात, हे आपल्याकडे कोण मानत नाही? त्यांच्या वडिलांनी म्हणे जन्मभर चष्मा लावला नाही तो याच्यामुळे. वॉल्टरला त्यांनी हे असं रंगवून सांगितलं की तो खूश झाला. म्हणाला, अनवाणी पायांनी गवताचं काही बिघडत नाही, चालू दे. फक्त रोज आधी वंदनाला विचारायचं. वंदना म्हणजे मी. गवत तिचं आहे, असं म्हणाला तो.

मग रोज सकाळी नाना चपला हातात घेऊन कडेला उभे राहायचे आणि विचारायचे, "चालू का गं?" मी म्हणायची, चाला. त्यांचं चालून होईपर्यंत दव झाडायचं थांबायचं. त्या बाजूला चार पिवळे डाग उठले. मी गप्प बसले. खरं सांगू? दिवसभरात तेवढ्या एका वेळी ते मला काही विचारायचे. मला ते बरं वाटायचं.

नाना खेळायलाही शिकले. हात चांगला होता त्यांचा, हे मान्य करते. म्हातारे त्यांच्यावर फिदा. आल्यागेल्याचं नाव, नातवंडांची नावं, कुणाचं कधी ऑपरेशन झालं, सगळं लक्षात. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तसं. सीझनच्या शेवटच्या मॅचसाठी वॉल्टरनं त्यांना आपला जोडीदार घेतलं. आनंदानं त्यांना काय करू नि काय नको झालं होतं. पांढरी पँट आणायला मलाच दुकानात जावं लागलं.

त्या मॅचच्या आठवड्यात क्लबवर पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा. मी साबुदाण्याची खिचडी नेली होती. जेवणं झाल्यावर वॉल्टर उठला आणि म्हणाला की यंदासारखी हिरवळ कधी झाली नव्हती. मी हातातली ताटली खाली ठेवली. उठायच्या बेतात होते हो! आणि नाना उठले. छान इंग्रजीत म्हणाले की सूनबाई मेहनती आहे, शेतकऱ्यांच्या घरातली आहे, सांगितलेलं नीट करते. "लक्ष ठेवायला मी असतोच." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यासाठी. आयत्या बिळावर नागोबा! त्यांना गवत कापायचा साधा मोअर सुरू करता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रॉस्ट पडलं होतं. वर्षातलं पहिलं. दव गोठतं, गवतावर पांढरट थर बसतो. तशा गवतावर पाय ठेवायचा नसतो. गोठलेली पाती पायाखाली मोडतात, तेव्हा काही दिसत नाही, पण एकदोन दिवसांनी जिथे पाय पडला तिथे गवत करपतं. ऊन येऊन वितळेपर्यंत थांबायचं, एवढंच. मला हे माहीत होतं. नानांना कुठून माहीत असणार? त्यांनी आयुष्यात फ्रॉस्ट बघितलं नव्हतं.

ते कडेला उभे राहिले, चपला हातात. म्हणाले, "आज पांढरं दिसतंय गं. चालू का?"

मी म्हणाले, "दवच आहे, चाला."

रागात तोंडून गेलं? नाही. मी विचार केला होता. थोडा, पण केला होता. ते एका कोपऱ्यात चालायचे, तर मीच म्हटलं, आज मधून चाला, आता थोडेच दिवस राहिलेत तुमचे इथले. ते गेले. गार लागलं तसे हसले, आणि भराभर चालत पार पलीकडे जाऊन आले. मी शेडच्या दारात उभी राहून बघत होते.

मॅचच्या दिवशी मैदानाच्या मधोमध तपकिरी पावलं उठलेली होती. अनवाणी, बोटांसकट. कुणाची ते विचारायची गरजच नव्हती. लोक कडेला उभे. मधल्या दोन पट्ट्यांवर खेळणं शक्य नव्हतं. वॉल्टरनं आम्हाला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं, काय झालं. नाना म्हणाले, मी हिला विचारून गेलो होतो. वॉल्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, मी नको म्हटलं होतं, त्यांनी ऐकलं नाही.

त्यांना खेळू दिलं नाही. वॉल्टरनं दुसरा जोडीदार घेतला, आणि नाना नवी पांढरी पँट घालून बाकावर बसून राहिले. मला वाईट वाटलं का? तेव्हा नाही. बरं वाटलं. गवत काय, बी टाकलं की पुन्हा येतं.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एक खोटं, एक मॅच? एवढंच असतं तर मी आज सांगत बसले नसते.

परत येताना गाडी मी चालवत होते. नाना शेजारी बसलेले. मला वाटलं होतं, आता ओरडतील. गेल्या आठवड्यात तू काय म्हणालीस आणि परवा काय म्हणालीस, सगळं काढतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा हळूच म्हणाले, "वंदना, मी विचारलं तेव्हा तू चाला म्हणालीस ना?"

आवाजात राग नव्हता. ते खरंच विचारत होते. आणि मी पुढे बघत म्हणाले, "नको म्हटलं होतं, नाना. तुम्हाला आठवत नाही का?"

सांगायचं होतं ते हे. गवताचं सोडा. वॉल्टरसमोरचं खोटं माझी कातडी वाचवायला होतं, समजू शकते मी. पण हे कशासाठी होतं? गाडीत कोण होतं ऐकायला? मला दिसलं की यांचा स्वतःवरचा विश्वास डगमगतोय, आणि मी तिथेच बोट घातलं. त्यांची एकच घमेंड होती. तिच्यावर.

रात्री जेवताना त्यांनीच अभयला सांगितलं, "हिनं नको म्हटलं होतं रे, माझ्याच लक्षात राहिलं नाही." अभयनं घास खाली ठेवला. जायचे दिवस आले तोवर ते पासपोर्ट पुन्हा पुन्हा बघायला लागले होते. अभय मला म्हणायचा, काहीतरी होतंय गं नानांना. मी म्हणायची, वय झालंय.

पुण्याला गेल्यावर डॉक्टरांकडे नेलं. काही सापडलं नाही. पण नानांनाच भरवसा उरला नव्हता. कुलूप लावून जिन्यातून परत यायचे. फोन लावायच्या आधी नंबर कुणालातरी विचारायचे, नंबर बरोबरच असायचा तरी. मग स्कूटर विकली. मग नणंद म्हणाली, एकटं ठेवणं बरं नाही, आणि त्यांना ठाण्याला घेऊन गेली. ते घर, तो स्वयंपाकाचा ओटा, सकाळचं फिरणं, सगळं सुटलं. घरात कुणीही विषय काढला की म्हणायचं, अमेरिकेत त्या गवताचं झालं ना, तिथून सुरुवात झाली. मी तिथेच बसलेली असायची. मानही डोलवायची.

दोन हजार सातमध्ये आम्ही ठाण्याला गेलो. नाना खिडकीशी बसले होते, वाळलेले. मी चहा दिला. मी मराठी कसंही बोलले तरी आता ते सुधारत नव्हते. अभय आणि नणंद बाहेर गेले होते, घरात आम्ही दोघंच. कप हातात धरून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तू नको म्हणाली होतीस, नाही का?"

तीन वर्षं हा माणूस तेच उलटंपालटं करत बसला होता. एक शब्द पुरला असता. माझं काय गेलं असतं? अभय बोलला नसता काही दिवस. नणंद जन्मभर बोलली नसती. आणि खरं सांगायचं तर एवढाही विचार मी केला नाही. त्यांच्याकडे पाहिलं आणि जुना राग वर आला. तोच, पॉटलकचा. मी म्हणाले, हो नाना, नकोच म्हणाले होते.

ते म्हणाले, "मग बरोबर." आणि चहा प्यायले.

पुढच्या वर्षी ते गेले. ठाण्यालाच, झोपेत. सुतकात लोक भेटायला येत होते आणि म्हणत होते, एकेकाळी काय स्मरणशक्ती होती, शेवटी सगळं गेलं बिचाऱ्यांचं. मी पाणी देत फिरत होते.

काही गेलं नव्हतं. त्या सकाळी त्यांनी मला विचारलं होतं आणि मी चाला म्हणाले होते. त्यांना बरोबर आठवत होतं.