मामंजींचा गुर्दा

औंढ्यात माझ्या सासऱ्यांइतका धीट माणूस झाला नाही, असं ते स्वतःच सांगत, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत. तीस वर्षं त्यांनी तहसिलीत कारकुनी केली. निजामाचं राज्य, सगळा कारभार उर्दूत. त्यामुळे मामंजींचं उर्दू इतकं पक्कं झालं होतं की तहसीलदारांच्या बोलण्यातल्या चुका ते काढत. काढत म्हणजे घरी आल्यावर काढत. नोकरी संपली तरी काळी शेरवानी सुटली नाही. ती घालून, बारा महिने छत्री उघडून, ते नागनाथाच्या देवळात जात आणि देवाला गाऱ्हाणं उर्दूत सांगत. पुजारी एकदा हसला, तर म्हणाले, "मराठीत समदेच सांगतात. उर्दूतली अर्जी वर लवकर पोचते."

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. यजमान सेनगावच्या शाळेत मास्तर. ते शुक्रवारच्या सुट्टीला तेवढे येत. बाकीचे दिवस घरात मी आणि मामंजी, आणि सुनेनं सासऱ्यांशी समोरून बोलायचं नाही ही रीत. त्यात मी मूळचीच मुखदुर्बळ. म्हणून आमचं बोलणं गाईमार्फत चाले. मी दाराआडून म्हणायची, "कपिले, पान वाढलंय." ते ओसरीवरून म्हणत, "कपिले, सांग तिला, येऊन राहिलो." अकरा वर्षं असं चाललं. घरातलं सगळं त्या गाईला ठाऊक होतं, पण तिनं एक शब्द कधी बाहेर नेला नाही.

मग मामंजींचे पाय सुजायला लागले. सकाळी डोळ्यांखाली पिशव्या दिसत. ते म्हणत, अंग भरलंय. शेवटी यजमान त्यांना छकड्यात घालून हिंगोलीच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या तरुण डॉक्टरनं त्यांची लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवली. तिच्यात दूध नासल्यासारखं पांढरं साकळलं. डॉक्टर म्हणाला, "बुजुर्गवार, आपके दोनों गुर्दे कमजोर हो गये हैं."

आता उर्दूत गुर्दा म्हणजे मूत्रपिंड, आणि गुर्दा म्हणजे हिंमतही. मामंजींचं उर्दू थोडं कच्चं असतं तर घोटाळा झाला नसता. ते ताडकन उठले. "कालचं पोरगं! माझा गुर्दा काढतंय? अन् एक न्हाई, दोन्ही?" यजमानांनी परतीच्या वाटेवर कंबरेला हात लावून लावून समजावलं. मामंजींनी ऐकून घेतलं, पण अपमान काही कंबरेत उतरेना. दुसऱ्याच दिवशी, हिंमत दाखवायला, छत्री घरी ठेवून ते भर उन्हात दोन कोस चालून आले. पाय भोपळ्यासारखे झाले. ते पाटावर ठेवून म्हणाले, "कपिले, सांग तिला, हे भित्र्याचे पाय न्हाईत."

डॉक्टरनं मीठ पूर्ण बंद केलं होतं. ते पाळलं तर काही दिवस मिळतील, नाही तर लवकरच आटोपेल, असं यजमान मला बजावून गेले होते. मी अळणी वरणावर लिंबू पिळी, जिऱ्याची फोडणी देई. मामंजी गुपचूप जेवत. मला वाटलं, सुधारले. मग एकदा पाहिलं तर वरणावर तपकीर भुरभुरवताहेत, आणि तपकीर पांढरी. मी म्हणाले, "कपिले, तपकिरीच्या डबीत मीठ आहे." उत्तर आलं, "कपिले, सरकारी माणसाच्या झडतीला हुकूम लागतो म्हणावं."

गाईनं हुकूम आणला नाही. पंधरा दिवसांनी एका सकाळी मामंजींचा चेहरा इतका सुजला की डोळे उघडेनात. तशातही हात पान सोडून डबी चाचपत होता. मी दाराआडून पुढं कशी आले मला आठवत नाही.

"मामंजी, ती डबी द्या."

त्यांचा हात थांबला. म्हणाले, "काहून?"

"तुम्ही गेलात तर मी या घरात कोणाशी बोलू?"

अकरा वर्षं त्यांच्याशी एक शब्द न बोललेल्या बाईनं हे विचारावं! पण ते हसले नाहीत. डबी माझ्या हातावर ठेवली आणि पुटपुटले, "गुर्दा याला म्हनतात."

त्यानंतर कपिलेकडे नुसतं दूध देण्याचं काम उरलं. मामंजी माझ्याशी थेट बोलू लागले, आणि अकरा वर्षांचं तुंबलेलं सगळं बोलले. तहसीलदारांच्या चुकाही मला पाठ झाल्या. रोज पहिल्या घासाला तोंड वाकडं करून "फिक्कं!" म्हणत, आणि पान स्वच्छ करून उठत. असे दोन उन्हाळे गेले.

पुढं त्यांना उठवेना. एका शुक्रवारी यजमान एकटेच डॉक्टरला भेटून आले आणि चुलीपाशी बसून हळू म्हणाले, "आता त्यांना हवं ते दे."

मी वरणात मीठ घातलं. हातानं, पूर्वी घालायची तेवढंच.

मामंजींनी पहिला घास घेतला. तोंड वाकडं झालं नाही. माझ्याकडे पाहत राहिले.

"किती दिस म्हनला डॉक्टर?"

मी पदरानं पानावरच्या माश्या वारू लागले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सावकाश सगळा भात संपवला, बोटं चाटली, आणि पान माझ्याकडे सरकवलं.

"पोरी, वरण झकास झालंय. अजून वाढ."