भिरंडाची कॅप्सूल आणि माझी सही

आमच्या मॅनेजर सरांनी लेबलचा नमुना माझ्या टेबलावर टाकला. तीन वाजता मालाची गाडी निघते, त्याआधी सही हवी म्हणाले. लेबलवर छापलं होतं, ‘स्मृतिभ्रंशापासून मेंदूचं संरक्षण’. वाचून मला हसूच आलं.

डिचोलीच्या आमच्या कारखान्यात भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, अर्काच्या कॅप्सूल बनतात. मी तिथली केमिस्ट. माझ्या सहीशिवाय बॅच बाहेर जात नाही, निदान कागदावर तरी.

दावा सगळा ह्या अर्कातल्या पॉलीफेनॉलच्या जिवावर. शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. फळाला रंग आणि तुरटपणा देणारी द्रव्यं ती. काचेच्या बशीत वाढवलेल्या मेंदूच्या पेशींना ती सांभाळतात असं दिसलंय, ते खोटं नाही. पण माणूस म्हणजे बशी नव्हे. पोट, यकृत, रक्त असा प्रवास करून त्यातलं मेंदूपर्यंत किती पोचतं आणि तिथे काय करतं, ते शास्त्रज्ञ अजून शोधतायत. आमच्या मार्केटिंगला आधीच सापडलं होतं!

अर्कात पॉलीफेनॉल किती, ते मोजायची एक टेस्ट असते. नळीत रसायन घालायचं, निळा रंग जितका गडद तितकी पॉलीफेनॉल जास्त. आधीच्या बॅचचा निळा अगदीच फिका होता. सोलं, म्हणजे कोकमाच्या साली, उन्हात वाळवून काळी झालेली, त्यात उरणार किती? ह्या बॅचचा मात्र थेट शाईसारखा. सोलं तीच, मग हा चमत्कार कुठून? प्रॉडक्शनला विचारलं. रंग टिकावा म्हणून व्हिटॅमिन सी घातलंय म्हणे. मी नुसतं व्हिटॅमिन सी नळीत घालून बघितलं. तेही निळंशार झालं. ह्या हिशेबाने लिंबाच्या गोळ्याही आम्ही मेंदूचं औषध म्हणून खपवल्या असत्या.

तेवढ्यात शालिनीताई सोलं घेऊन आल्या. त्या इब्रामपूरच्या, दर वर्षी आम्हाला सोलं त्याच देतात. त्यांचा नवरा बसचा ड्रायव्हर होता, आता त्याला घरची वाट आठवत नाही. मी सहज चौकशी केली.

“बाय, डॉक्टरची गोळी बंद केलंय मी,” त्या म्हणाल्या. “तुमच्या सेल्समनान सांगल्यान, ही कॅप्सूलच पुरे. आमच्याच भिरंडाचा औषध, मगे दोन दोन कित्याक?”

गोळी बंद करून आठ दिवस झाले होते. परवा तो म्हापशाच्या बसस्टँडवर सापडला, स्वतःचं नाव सांगता येईना. माझं डोकंच फिरलं. त्यांना आधी डॉक्टरला फोन लावून दिला, त्याच दुपारी या म्हणाले. मग लेबल घेऊन तडक सरांच्या केबिनमध्ये गेले.

शालिनीताईंचं सांगितलं, व्हिटॅमिनचंही सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, “मॅडम, कोकम खाऊन कोणी मरत नाही. सही करा.”

सरांच्या आईलाही हाच आजार. दर पहिल्या सोमवारी सर रजा टाकून तिला पणजीला मेंदूच्या डॉक्टरकडे नेतात, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे.

“करते,” मी म्हटलं. “आजपासून आईंच्या गोळ्या बंद करा आणि ही कॅप्सूल सुरू करा. तुम्ही हो म्हणा, इथेच सही करते.”

 सरांनी लेबल उचलून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

गाडी त्या दिवशी गेली नाही. नवं लेबल आलं त्यावर फक्त ‘कोकम अर्क’ होतं, आणि सेल्समनला खेड्यापाड्यांत औषधाच्या गप्पा मारायची बंदी झाली. शालिनीताईंच्या नवऱ्याच्या गोळ्या डॉक्टरांनी परत सुरू केल्या. तो घरात ठीक असतो, पण एकट्याला बाहेर सोडत नाहीत.

तेव्हापासून औषधी दाव्याचं लेबल आलं की मी नळीआधी एकच विचारते, हे तुमच्या घरात कोण घेतंय?