कौसल्याच्या चेहऱ्यातले किडे

मुकुटबनच्या पलीकडच्या एका गावात कौसल्या शाळेची खिचडी शिजवायची. तांदूळ निवडताना तिनं कधी घाई केली नाही, की करपलेला थर खरवडून पोरांना वाढला नाही. घरात मिळवणारी ती एकटीच होती.

आधी नाक लाल झालं, मग गाल. चुलीपुढं बसली की चेहऱ्याची आग व्हायची, बारीक पुळ्या यायच्या. जोडीला काम करणारी मानीबाई थट्टा करायची, "काहून वं, सकाळीच टाकून येतं का?" पुढं तिची थट्टा थांबली. मेडिकलवाल्यानं दिलेल्या मलमानं चेहरा थोडे दिवस निवला, मग दुपटीनं पेटला. गावात महारोगाचं नाव निघालं. पोरांच्या आया दाराशी येऊन तिला न्याहाळून जाऊ लागल्या. शाळा समितीचे विठ्ठलराव म्हणाले, डॉक्टर काय म्हणतात ते आधी कळव, मगच पातेल्याला हात लाव.

यवतमाळला डॉक्टरीणबाईंनी तिच्या गालाची त्वचा किंचित खरवडून काचेवर तपासली. महारोग नाही, म्हणाल्या. डोळ्याला न दिसणारे किडे सगळ्यांच्याच चेहऱ्यावर, केसांच्या मुळाशी राहतात. तुमच्याकडं ते फार वाढलेत. असं लाल दुखणं असलं की ते बरेचदा जास्त सापडतात; मूळ कारण तेच का, हे अजून कोणी ठामपणे सांगत नाही. हे एकाचं दुसऱ्याला होत नाही. दुकानातलं मलम बंद करा, मी देते ते लावा, आणि आगीपासून लांब राहा.

कौसल्याचा जीव भांड्यात पडला. आगीचं ती कोणाला सांगणार नव्हती. बाकीचं मात्र तिनं समितीपुढं ऐकलं तसं, काही न गाळता सांगितलं.

"किडे?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"हो, भाऊ. पण ते समद्यांच्याच चेहऱ्यावर असतेत. तुमच्याबी."

विठ्ठलरावांचा हात गालाकडं गेला आणि मध्येच थांबला. शेजारी बसलेली मानीबाई जराशी लांब सरकली.

दुसऱ्या दिवशी तिला कोणी अडवलं नाही. तिनं खिचडी शिजवली, झाकण काढलं. वाफेनं गाल रसरसले. रांगेतल्या पहिल्या पोरीनं ताट पुढं केलं, कौसल्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि ताट मागं घेतलं. सगळी रांग निमूट वळली. पोरांनी दप्तरांतून घरचे डबे काढले.

पातेलं काठोकाठ तसंच राहिलं. ते उतरवायला कौसल्या वाकली, तशी मानीबाई म्हणाली, "उद्यापासून तू नुसतं पाणी भरत जाय."

मग तिच्याकडं न बघता म्हणाली, "नाही तं राहू दे. पाणीबी राहू दे."