खालच्या खाचरातल्या तीन धावा

पोलादपूरच्या अलीकडे आमची वाडी. भातकापणी झाली की खाचरात क्रिकेट सुरू व्हायचं, ते थेट पावसाच्या तोंडापर्यंत. यष्टिरक्षकाच्या मागे जमीन एकदम पुरुषभर खाली उतरायची. तिकडे सीमारेषाच नव्हती. चेंडू खालच्या खाचरात गेला की क्षेत्ररक्षकाने उडी मारायची, तो हुडकायचा, वर फेकायचा. तोवर पळा किती पळता ते. म्हणून आमच्याकडे चौकारापेक्षा तीन धावांना मान. हंगामात कोण किती वेळा तीन पळाला, त्याची यादी गुरुजी शाळेच्या फळ्यावर लिहायचे. ऐंशी सालानंतरच्या एका हंगामात यादीत सगळ्यांत वर माझा मित्र होता. दुसरा मी, बराच खाली. जळायचो मी त्याच्यावर, खोटं कशाला बोलू?

त्याचे ओठ निळे पडतात, हे आधी मलाच दिसलं. तिसरी धाव पुरी झाली की तो बॅटवर रेलून उभा राहायचा आणि लोक म्हणायचे, नाटकं करतोय, वेळ काढतोय. शेवटी मी त्याला एसटीत घालून महाडला डॉक्टरकडे नेलं. हृदयाची एक झडप खराब आहे, डॉक्टर म्हणाले. पळणं बंद, ओझं उचलणं बंद, मुंबईला मोठ्या दवाखान्यात दाखवा.

स्टँडवर त्याने माझा हात घट्ट धरला. "कोणाला सांगू नको. शेवटच्या मॅचला महाडच्या कारखान्याचे साहेब येणार हायत. त्यांच्या टीममध्ये घेतला तर कामावर पण लावतील. तुला माझ्या आयशीची शपथ हाय."

शपथ मोडली तर जिची घातली तिच्यावर बेतते, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. त्याच्या आईला मी काकी म्हणायचो. नात्याची नव्हे, पण तिच्या हातची भाकरी खाऊनच वाढलो. मी तोंडाला कुलूप घातलं.

शेवटच्या सामन्यात त्याने चेंडू मागे वळवला, थेट खालच्या खाचरात. त्याची तिकडे पाठ, म्हणून पळायचं की थांबायचं ही हाक समोरच्या टोकाला उभ्या असलेल्या माझी. दोन धावा झाल्या आणि तो तिसरीला निघालाही. समोरून येणारा त्याचा चेहरा काळानिळा झाला होता. मी हात वर करून ओरडलो, "नको, माघारी फिर." तो अर्ध्यात वळला, तेवढ्यात चेंडू आला. धावबाद. साहेबांनी दुसऱ्याच कुणाला तरी घेतलं, आणि तो माझ्याशी बोलेनासा झाला. मला मात्र आतून बरं वाटत होतं, जीव वाचवला गड्याचा.

मूर्खासारखा खूश होतो मी. कारखाना हुकला म्हणून तो पोलादपूरला भातगिरणीवर लागला, ट्रकमध्ये गोणी चढवायला. जाता-येता मला दिसायचा. पाठीवर गोण, तोंड उघडं, धापा टाकत. त्या दिवसांत मी काकीच्या दारावरून मान खाली घालून जायचो, थांबायचो नाही.

गणपतीच्या आधी तो ट्रकच्या फळीवर गोणीसकट कोसळला. दिवसकार्य उरकल्यावर मी काकीसमोर बसून डॉक्टरचं सगळं सांगितलं.

"तुला ठावूक होता, नि गप ऱ्हायलास?"

"काकी, तुझी शपथ घातलेली त्याने."

"मोडायची ना रे," ती म्हणाली. "मी मेले असते तर काय झाला असता?"