पाणी चढवणारे काका

"एअर धरलीय. दोन मिनटं द्या." पंपावर तळहात ठेवून काका एवढंच म्हणायचे. मग त्यात मगभर पाणी ओतायचं, कॉक जरा सैल करायचा, आतली हवा फुसकन बाहेर पडली की बटण दाबायचं. सात मजल्यांवर पाणी चढायचं.

अंबरनाथला, मोरिवलीजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये काका-काकू पहिल्या मजल्यावर राहत. काका कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. बिल्डर गायब झाला तेव्हा पंप बघायला कोणी नव्हतं. काका म्हणाले, "माणूस मिळेपर्यंत मी बघतो." अकरा वर्षं माणूस मिळाला नाही, कारण कोणी शोधलाच नाही. काका रोज पहाटे उठत आणि आम्ही गरम पाण्याने अंघोळी करत होतो.

सुरुवातीला लोक त्यांना दिवाळीचा फराळ द्यायचे. पुढे खिडकीतून नुसती हाक येऊ लागली, "ओ, प्रेशर नाहीये!" नव्याने फ्लॅट घेतलेल्यांना तर ते सोसायटीचे नोकरच वाटत. आम्ही जुन्यांनी कधी कोणाची चूक सुधारली नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका पहाटे काकूंच्या छातीत दुखू लागलं. काका त्यांना रिक्षात घालून उल्हासनगरला दवाखान्यात घेऊन गेले. त्या दिवशी पाणी चढलं नाही. आठ वाजेपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता धुरळा. "पाणीवाला किधर मर गया?" "मेंटेनन्स कशाला भरतो आपण?" एका बाईंनी लिहिलं होतं की आज त्यांचा केस धुवायचा दिवस होता. खाली रडका चेहरा.

तुम्हालाही राग आला ना? थांबा, पुढचं ऐका.

रविवारी मीटिंग झाली. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी ठराव मांडला, पाणीवाला बेजबाबदार आहे, त्याला काढून टाका. सेक्रेटरी मीच. काकूंचं मला ठाऊक होतं, तरी माझं तोंड उघडलं नाही. मी वर झालेले हात मोजू लागलो. शेवटच्या खुर्चीत दवाखान्यातून थेट आलेले काका बसले होते. त्यांचाही हात वर होता.

"तुम्ही कशाला हात वर केलाय?" नव्या चेअरमननी विचारलं.

"मी एकशे दोनचा मेंबर, साहेब. माझाही मोजा."

आता तरी कोणी माफी मागेल असं मला वाटलं. चौथा मजलाच बोलला, "वो सब ठीक है, पण मग उद्या पाणी कोण चढवणार?"

अशा माणसाच्या कानाखाली आवाज काढायला हवा होता. मी मिनिट्सबुकात ठराव लिहिला.

काकांनी पंपाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. महिन्याभरात ते दोघं बदलापूरला, खरवईत मुलीकडे राहायला गेले. टेम्पोत सामान चढवताना बिल्डिंगमधला एकही माणूस खाली उतरला नाही. नव्या माणसाने पंप कोरडाच चालवला आणि मोटर जळाली. ग्रुपवर लगेच मेसेज, "काकांनी नीट शिकवून जायला हवं होतं."

कमिटीने मला खरवईला पाठवलं, काकांना परत घेऊन या म्हणून. दार काकूंनी उघडलं. पार वाळल्या होत्या, पण मला पाहून चेहरा फुलला.

"अहो, बघा कोण आलंय! मी म्हणत नव्हते, बिल्डिंगमधलं कोणीतरी मला बघायला येईल म्हणून?"

काका बाहेर आले. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. आजारी माणसाला भेटायला जाताना आपण निदान चार केळी तरी नेतो. त्यांना सगळं कळलं.

"हो," ते काकूंना म्हणाले, "तुलाच बघायला आलेत. तू बस, चहा मी टाकतो."

तो चहा मी प्यायलो, याची मला अजून लाज वाटते.