उजव्या चाकाचा नट

घराचं लोखंडी गेट, आईच्या खोलीतलं कपाट, बेअरिंग ओढून काढायचा पुलर. हे सगळं मी माझ्या हातानं बनवलंय, कुणाकडे न शिकता. म्हणून आजची गोष्ट सांगायला जरा जड जातंय, मंडळी.

आमची जुनी पिकअप विकायची होती. पुढच्या चाकांची बेअरिंगं झिजली होती, ती सकाळी मीच बदलली. शेजारच्या हिनकल गावापर्यंत चक्कर मारली. आवाज बंद. मी खूश.

बायकोनं पुढच्या दोन्ही चाकांना मधोमध हात लावून पाहिला. "अहो, उजवं चटका देतंय."

"नवीन बेअरिंग आहे, तापणारच."

"मग डावं काय जुनं आहे?"

मग आठवलं. नट घट्ट आवळायचा, चाक फिरवायचं, मग नट थोडा सैल करायचा, हा नियम. डावीकडे पाळला. उजवीकडे आवळला, तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला आणि सैल करायचं राहून गेलं. खोलून पाहिलं, तर बेअरिंग जळून निळं पडलेलं; असं चाक वाटेत निखळूही शकतं. त्यात रविवार, दुकानं बंद.

गिऱ्हाईक मंजण्णा हूटगळ्ळीहून आला. याच गाडीत बायकामुलांना घेऊन त्याला आजच गावी जायचं होतं. मी सगळं खरं सांगितलं.

"परवागिल्ला सार, काही हरकत नाही, नट सैल करून द्या. बेअरिंग मी उद्या बदलतो."

तुम्ही काय केलं असतं?

मी त्याला कॉफी पाजली आणि गाडी देत नाही म्हणालो. तो दुसरी गाडी बघायला गेला. एक लाख दहा हजार देत होता, रोख.